तेरा मात्रांचं हिट गाणं

१९ जुलै १९८६ च्या 'बिलबोर्ड' यादीत अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं 'इनव्हिजिबल टच'. जेनेसिस या इंग्लिश बँडचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे एकमेव गाणं. पुढच्याच आठवड्यात त्याला खाली सारून 'स्लेजहॅमर' वर चढलं. ते होतं पीटर गेब्रिएलचं, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ज्यानं हाच बँड सोडला होता त्याचं.

जेनेसिसबद्दलची जी गोष्ट जगभर सांगितली जाते, तिच्यात हा योगायोग नीट बसत नाही. ती गोष्ट अशी: सत्तरच्या दशकात हा बँड लांबलचक, गुंतागुंतीच्या, साहित्यिक वळणाच्या रचना करायचा. गेब्रिएल हा त्यातला कलावंत. तो गेला, ढोलकऱ्याच्या जागेवरून फिल कॉलिन्स उठून माइकपाशी आला आणि बँड बाजारू झाला. एक नायक, एक खलनायक, मध्ये एक फाळणी. गोष्ट सुटसुटीत आहे आणि जवळपास प्रत्येक टप्प्यावर चुकीची आहे. पॉपकडे वळलेल्या बँडना 'विकले गेले' म्हणण्याची रीत जुनी आहे. पण कोण विकलं गेलं, कधी आणि कशामुळे, हे विचारत गेलं की निराळाच इतिहास हाती लागतो.

सुरुवातच पॉपची

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात चार्टरहाउस नावाची जुनी, श्रीमंतांच्या मुलांची निवासी शाळा आहे. गेब्रिएल, कीबोर्ड वाजवणारा टोनी बँक्स, गिटारवाले माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स हे सगळे तिथले विद्यार्थी. १९६७ च्या सुमाराला त्यांनी गाणी लिहायला घेतली, ती इतरांनी गावीत म्हणून. आपण स्टेजवर उभं राहायचं हा बेत नव्हता. शाळेचाच माजी विद्यार्थी असलेला निर्माता जोनाथन किंग याच्या हाती त्यांची टेप पडली. किंगला बी जीज फार आवडतात हे हेरून पोरांनी त्या थाटाचं 'द सायलेंट सन' हे गाणं मुद्दाम बांधलं. १९६८ च्या फेब्रुवारीत ते सिंगल म्हणून बाहेर पडलं.

म्हणजे या बँडचं पहिलं पाऊलच गिऱ्हाईक ओळखून टाकलेलं होतं. फरक इतकाच की गिऱ्हाईक आलं नाही. १९६९ चा पहिला अल्बम काही शे प्रतींच्या पुढे गेला नाही. नावात 'जेनेसिस' आणि 'रेव्हलेशन' हे बायबलमधले शब्द असल्यामुळे तो काही दुकानांत धार्मिक संगीताच्या खणात जाऊन पडला.

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे 'प्रॉग', आलं ते यानंतर. १९६९ च्या अखेरीस ही मंडळी सरेमध्येच, एका मित्राच्या आईवडिलांच्या कॉटेजमध्ये राहायला गेली. ना नोकरी, ना शेजार. दिवसभर वाजवायचं. गाणी लांबत गेली, कारण ती आटपायची घाई कुणालाच नव्हती. फिलिप्स आणि रदरफर्ड बारा तारांच्या गिटारी घेऊन एकमेकांत विणल्यासारखे स्वर वाजवत आणि बँक्स त्यावर कीबोर्डचे थर चढवी. पुढे फिलिप्सला स्टेजची भीती सोसेना आणि १९७० मध्ये तो गेला. त्याच वर्षी 'मेलडी मेकर' साप्ताहिकातली जाहिरात वाचून कॉलिन्स आला. गेब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी निवड चालली होती. आपला नंबर यायचा होता तोवर कॉलिन्स तिथल्या तलावात पोहत राहिला आणि आतून येणारं इतर ड्रमरांचं वाजवणं ऐकून परीक्षेचा तुकडा पाठ करून बसला. लहानपणी लंडनच्या रंगभूमीवर 'ऑलिव्हर!'मध्ये काम केलेला हा मुलगा चार्टरहाउसच्या पोरांहून फार वेगळ्या घरातला होता. थोड्याच महिन्यांत गिटारवर स्टीव्ह हॅकेट आला आणि पाचांचा संच पुरा झाला.

एलपीची एक बाजू

१९७२ च्या 'फॉक्सट्रॉट'मध्ये 'सपर्स रेडी' ही सुमारे तेवीस मिनिटांची रचना आहे. सात भाग, मध्येच विनोद, मध्येच युद्ध, शेवटी बायबलमधला प्रलय आणि त्या भागात नऊ मात्रांच्या ठेक्यावर बँक्सचं लांबच लांब ऑर्गन. तेवीस मिनिटं का? एलपीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावतं म्हणून. प्रॉगवाल्यांच्या 'स्वच्छंद' लांबीलाही मोजपट्टी होतीच. ती सिंगलची नव्हती, एलपीची होती. त्या काळी इंग्लंडात विद्यार्थ्यांचे हॉल होते, अख्खी बाजू मांडी घालून ऐकणारे श्रोते होते, आणि तोटा सोसून अल्बमवर अल्बम काढू देणारा करिस्मा कंपनीचा टोनी स्ट्रॅटन-स्मिथ होता. लांब गाण्याचाही एक बाजार होता आणि त्यात हा बँड बेतानं का होईना चालत होता.

त्या जेनेसिसमध्ये काय होतं हे कळायला 'फॉक्सट्रॉट'मधलंच 'गेट 'एम आउट बाय फ्रायडे' ऐकावं. भाडेकरूंना शुक्रवारपर्यंत घराबाहेर काढायला निघालेला मालक, त्याचा गोडबोल्या हस्तक आणि मिसेस बॅरो नावाची भाडेकरू अशी नाटकातल्यासारखी पात्रं गेब्रिएल आवाज बदलून एकटाच गातो. मग गोष्ट उडी मारते ती थेट २०१२ सालात. टीव्हीवर जाहीर होतं की माणसांची उंची यापुढे चार फुटांहून जास्त असता कामा नये. का? तर एका इमारतीत दुप्पट भाडेकरू बसवता येतील. १९७२ मध्ये हे विज्ञानकथेच्या अंगानं जाणारं व्यंग होतं. पुनर्विकासाच्या नोटिसा वाचणाऱ्या मुंबईकराला आज ते बातमीसारखं वाटेल.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या मैफलीत गेब्रिएल बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं चढवून स्टेजवर आला. सोबत्यांना आधी पत्ता नव्हता. 'मेलडी मेकर'च्या मुखपृष्ठावर फोटो झळकला आणि बँडची बिदागी वाढली. कला आणि गल्ला यांचं भांडण लावणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. जेनेसिसचं सगळ्यात गाजलेलं 'कलात्मक' चित्र ही तितकीच यशस्वी जाहिरात होती.

१९७४ मध्ये 'आय नो व्हॉट आय लाइक' हे त्यांचं गाणं ब्रिटिश यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत गेलं. गायक गेब्रिएलच. गवत कापणाऱ्या पोऱ्याची साधी, गुणगुणता येणारी चाल. म्हणजे पहिलं हिट गाणंही 'शुद्ध' काळातलंच.

कोण गेलं, कोण उरलं

त्याच वर्षाअखेरीस 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. त्याचा दौरा संपेपर्यंत बँड कर्जात बुडाला होता आणि १९७५ मध्ये गेब्रिएल बाहेर पडला. नव्या गायकासाठी ढिगानं टेपा ऐकून झाल्या, पण मनासारखा कुणी मिळेना. शेवटी मागे बसून सूर देणाऱ्या कॉलिन्सलाच पुढे आणलं गेलं.

नेहमीच्या गोष्टीप्रमाणे इथून बाजार सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात १९७६ चे दोन्ही अल्बम, 'अ ट्रिक ऑफ द टेल' आणि 'विंड अँड वदरिंग', पक्के प्रॉग आहेत. लांब रचना, मेलोट्रॉन कीबोर्ड, परीकथा सगळं जागच्या जागी. उलट त्या वर्षी इंग्लंडात पंक उसळलं होतं आणि दहा मिनिटांची गाणी करणाऱ्यांची टर उडवली जात होती. तरीही जेनेसिसची तिकिटं पूर्वीपेक्षा जास्त खपत होती. १९७७ मध्ये हॅकेटही गेला. त्याची तक्रार होती की आपल्या रचनांना अल्बममध्ये पुरेशी जागा मिळत नाही.

उरले तिघे. '...अँड देन देअर वेअर थ्री...' या १९७८ च्या अल्बमच्या नावातच ती मोजणी आहे. त्यातलं शेवटचं गाणं 'फॉलो यू फॉलो मी' ब्रिटनमध्ये सातव्या आणि अमेरिकेत २३ व्या क्रमांकावर गेलं. तोवर जेनेसिसच्या मैफलीत मुख्यत्वे पोरंच यायची. या गाण्यानंतर मुली येऊ लागल्या, असं बँडमधल्यांनीच अनेकदा सांगितलंय. हे साधंसरळ प्रेमगीत तिघांच्या एकत्र वाजवण्यातून निघालं आणि शब्द रदरफर्डचे. पुढे 'टर्न इट ऑन अगेन', 'लँड ऑफ कन्फ्यूजन', 'थ्रोइंग इट ऑल अवे' या हिट गाण्यांचे शब्दही त्याचेच. चार्टरहाउसमध्ये शिकलेला, बारा तारांची गिटार छेडणारा तो मूळचा माणूस! कॉलिन्सच्या नावावर मांडलेलं हे पाप निम्मं तरी दुसऱ्याच्या खात्यावर जमा करावं लागतं.

'ड्यूक': तुकडे मुद्दाम केलेले

१९७८ चा दौरा लांबला आणि कॉलिन्सचं लग्न मोडकळीला आलं. संसार सावरायला तो कॅनडात व्हँकूव्हरला गेला. ते काही जमलं नाही. पण त्या रिकाम्या वेळात बँक्स आणि रदरफर्ड यांनी आपापले एकेकटे अल्बम केले आणि साठवलेली गाणी त्यांत खर्ची पडली. कॉलिन्स परतला तेव्हा घरी लिहून आणलेला माल दोघांपाशी फार उरला नव्हता. मग तिघं कॉलिन्सच्या घरातल्या एका खोलीत बसले, वाजवत राहिले आणि जे हाती लागलं ते बांधत गेले. माझ्या मते जेनेसिस पॉपकडे वळलं ते या खोलीत. कुणी ठराव केला नव्हता, कंपनीचा हुकूम नव्हता. घरून जुळवून आणलेली सात भागांची रचना संपली आणि तिघांना एकाच वेळी सुचेल, पेलेल असं गाणं तिची जागा घेऊ लागलं.

त्यातून निघालेला 'ड्यूक' १९८० मध्ये आला. स्टॉकहोमच्या पोलार स्टुडिओत, म्हणजे ॲबाच्या मालकीच्या वास्तूत तो रेकॉर्ड झाला. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला हा बँडचा पहिला अल्बम. यातली सहा गाणी मुळात एकच सलग, अर्ध्या तासाच्या आसपासची रचना होती. सलग ठेवली असती तर लगेच 'सपर्स रेडी'शी तुलना झाली असती. म्हणून त्यांनी ती तोडली आणि तुकडे अल्बमभर विखरून टाकले. आजही ती सहा गाणी ओळीनं लावून ऐकली की पहिल्या तुकड्यातली धून शेवटच्या तुकड्यात कशी परत येते ते ध्यानात येतं. लांब रचना करण्याची ताकद संपली नव्हती. ती दाखवायची हौस संपली होती.

त्या सहातलं 'टर्न इट ऑन अगेन' आधी फक्त दोन भागांमधला दुवा होता. रदरफर्डची मूळ चाल संथ आणि जड होती. कॉलिन्सनं ती जलद वाजवून पाहू म्हटलं आणि गाणं धावू लागलं. ब्रिटनमध्ये ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. आता त्यावर टाळ्या धरून बघा. पाश्चात्त्य पॉपच्या सवयीनं चार-चार मोजत गेलात तर तीन वेळा चार झाल्यावर एक मात्रा हातात शिल्लक राहते आणि पुढची सम चुकते. मुख्य ठेका तेरा मात्रांचा आहे. रूपकाच्या सातांवर आणि झपतालाच्या दहांवर पोसलेल्या आपल्या कानाला तेराचं भय नाही. आपल्याकडे तेरा मात्रांचा जयताल आहेच. पण डिस्कोच्या जमान्यात रेडिओवर वाजणाऱ्या गाण्याला तेरा मात्रा असणं ही चोरून आत आणलेली गोष्ट होती. प्रॉग गेलं नव्हतं, ते साध्या वेशात फिरत होतं.

एका माइकचा अपघात

वेश बदलण्यात तंत्राचाही हात होता. त्याच सुमाराला लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गेब्रिएल आपला तिसरा अल्बम करत होता. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिअभियंता ह्यू पॅजम आणि काही गाण्यांवर ड्रमर म्हणून आलेला कॉलिन्स. झांजा वाजवायच्या नाहीत, ही गेब्रिएलची अट. तिथल्या एसएसएल कन्सोलला एक माइक जोडलेला होता. वादक काचेपलीकडून काय बोलतायत ते अभियंत्याला ऐकू यावं एवढ्यापुरताच तो छताशी टांगलेला असे. दूरचं पुटपुटणंही कळावं म्हणून त्यावर जबर कॉम्प्रेसर बसवलेला होता. कॉलिन्स वाजवत असताना हा माइक चालू राहिला आणि ड्रमचा राक्षसी आवाज कंट्रोल रूममध्ये आला. तो रेकॉर्ड करता यावा म्हणून कन्सोलची जोडणी बदलून घेतली आणि वर नॉइज गेट लावला. परिणाम असा की खोलीभर घुमणारा दणका विरायच्या आतच कापला जातो. घुमारा आहे, शेपूट नाही.

'इंट्रूडर' या गेब्रिएलच्या गाण्यात तो आवाज पहिल्यांदा आला. कॉलिन्सनं तो १९८१ च्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये वापरला. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनंतर कोसळणारा तो ड्रम पुढे दशकभर जगानं ऐकला. मग पॅजम जेनेसिसच्याच कामाला लागला. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या चकचकीत पॉपचा हा ठेवणीतला आवाज ज्या स्टुडिओत जन्मला, तिथे काम 'कलावंत' गेब्रिएलचं होतं आणि 'बाजारू' कॉलिन्स भाड्यानं आलेला वादक.

स्वतःची जागा, स्वतःचा वेळ

१९८० मध्ये जेनेसिसनं सरेमधल्या चिडिंगफोल्ड गावाजवळ एक जुनं फार्महाउस घेऊन स्टुडिओ बांधला. नाव ठेवलं 'द फार्म'. तासाच्या भाड्याची टांगती तलवार गेली. टेप चालू ठेवून तासन्‌तास वाजवायचं आणि नंतर त्यातून वेचायचं, ही पद्धत पक्की झाली. श्रेयनामावलीतही ती दिसते. १९७६ पासून गाण्यांखाली वेगवेगळी नावं येत होती. १९८१ च्या 'अबाकॅब'मध्ये प्रत्येकाचं स्वतःचं गाणं एकेकच राहिलं आणि १९८३ च्या 'जेनेसिस' अल्बममधलं प्रत्येक गाणं तिघांचं. बाजारात शिरलेल्या बँडमध्ये सहसा एक जण मोठा होतो आणि बाकीचे पगारी. इथे नेमकं उलटं झालं. कॉलिन्स बाहेर जगप्रसिद्ध होत होता आणि आत सगळं समान वाटलं जात होतं.

'अबाकॅब'वर अर्थ, विंड अँड फायर या अमेरिकन सोल-फंक बँडचे ब्रासवादक वाजले. जुन्या श्रोत्यांना हे झेपेना. १९८१ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये नवी गाणी सुरू होताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पण दोन वर्षांनी 'मामा' ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं. त्यात ड्रम मशीनचा खरखरता ठेका आहे, पहिली काही मिनिटं जवळपास काही घडत नाही आणि मध्येच कॉलिन्सचं अंगावर काटा आणणारं हसू आहे. ते हसू सुचलं ग्रँडमास्टर फ्लॅशच्या 'द मेसेज' या रॅप गाण्यावरून. सात मिनिटांच्या जवळ जाणारं हे गाणं खपलं, याचा अर्थ बाजार तेव्हाही विचित्र गोष्टी घेत होता.

काळही बदलला होता. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. एफएम रेडिओनं लांब गाणी लावणं जवळपास सोडलं. प्रॉगचे बाकीचे सरदारही त्याच रस्त्यानं निघाले. जुन्या बँडांतल्या चौघांनी उभारलेल्या 'एशिया'चा अल्बम १९८२ मध्ये अमेरिकेत नऊ आठवडे अव्वल होता. 'येस'चं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' १९८४ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पण 'येस'च्या त्या गाण्यात बाहेरून आलेला गिटारवाला आणि निर्माता यांचा वाटा मोठा होता, आणि 'एशिया' तर नवीच पाटी होती. जेनेसिसनं मात्र जुन्याच तीन माणसांनिशी वळण घेतलं.

'इनव्हिजिबल टच' अल्बममधली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत गेली. 'लँड ऑफ कन्फ्यूजन'साठी 'स्पिटिंग इमेज' या ब्रिटिश बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या मंडळींनी रेगन-थॅचरचे बाहुले केले. १९८७ च्या जुलैत वेम्ब्ली स्टेडियम सलग चार रात्री भरलं.

काय गेलं

हे सगळं मान्य करूनही जुन्या चाहत्यांची हळहळ खोटी ठरत नाही. त्यांचा आरोपी चुकला, तारीख चुकली, पण काहीतरी गेलं हे खरं. मिसेस बॅरो गेली. 'लँड ऑफ कन्फ्यूजन'मध्ये जगाची चिंता आहे, पण गाणारा कोण आणि कुणाशी बोलतोय याला चेहरा नाही. तो 'आपण' आहे आणि 'आपण' म्हटलं की कुणाचाच राग येत नाही. बारा तारांच्या गिटारींची वीण गेली, कारण तिला दोन वादक आणि निवांतपणा लागतो.

दुसरं नुकसान कमी दिसणारं आहे. 'ड्यूक'वर तेरा मात्रा हिट गाण्याच्या आतच होत्या. 'इनव्हिजिबल टच'वर विभागणी झाली: रेडिओसाठी चार-पाच मिनिटांची गाणी आणि जुन्या श्रोत्यांसाठी 'डॉमिनो'सारखी दहा मिनिटांहून लांब एखादी रचना. दोन्ही चांगली, पण एकमेकांपासून सुटी. पॉप झाल्यानं जेनेसिस पातळ झालं नाही. पॉप आणि प्रॉग वेगवेगळ्या ताटांत वाढायला लागल्यावर झालं.

ब्रेट ईस्टन एलिसच्या १९९१ मधल्या 'अमेरिकन सायको' कादंबरीत खुनी नायक एक अख्खं प्रकरण जेनेसिसची स्तुती करतो आणि 'ड्यूक'च्या आधीचा बँड आपल्याला कळलाच नाही असं सांगतो. बँडची याहून जहरी चेष्टा कुणी केली नसेल. पण टीकाकारांचा नेमका हाच गैरसमज त्यानं उलटा करून घेतलाय: 'ड्यूक'च्या अलीकडे एक बँड आणि पलीकडे दुसरा.

महाराष्ट्रात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तसं ऐकलंही. १९९१ नंतर केबलवर स्टार टीव्हीसोबत एमटीव्ही घरात आलं आणि जीन्सच्या जाहिरातींची टिंगल करणारा 'आय कान्ट डान्स'चा व्हिडिओ दिवसातून कितीदा तरी लागे. त्यातले तिघे ताठ पायांनी चालताना पाहून कॉलेजची पोरं तशी चालत. यांनी कधीकाळी कोल्ह्याचं मुंडकं पाहिलं असेल असं वाटायचं नाही. मागचं शोधायचं तर मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउससारख्या दुकानांत हिंडावं लागे. पण उलट्या क्रमानं ऐकण्याचा एक फायदा झाला. आधी पॉप आवडलेल्या माणसाला 'फॉक्सट्रॉट' ऐकताना भंग पावलेला धर्म दिसत नाही. त्याला ओळखीचे हात दिसतात. बँक्सचे तेच स्वरसमूह, कॉलिन्सचा तोच तबलजीसारखा मागेपुढे खेळणारा ठेका.

कॉलिन्स १९९६ मध्ये बाहेर पडला. नवा गायक घेऊन केलेला पुढचा अल्बम अमेरिकेत चालला नाही आणि बँड थंडावला. २००७ मध्ये तिघे पुन्हा दौऱ्यावर निघाले, आणि शेवटचं म्हणजे २०२१-२२ मध्ये. तोवर कॉलिन्सला ड्रम वाजवणं शक्य राहिलं नव्हतं. तो खुर्चीत बसून गायला, मागे त्याचा मुलगा निक वाजवत होता. २६ मार्च २०२२ ला लंडनमध्ये शेवटची मैफल झाली. सुरुवात 'ड्यूक'मधल्या तुकड्यांनी आणि त्यांना जोडून 'टर्न इट ऑन अगेन'नं. अखेर १९७४ च्या 'कार्पेट क्रॉलर्स'नं. प्रेक्षकांत गेब्रिएल होता. त्या वेळी हॅकेट आपला स्वतंत्र बँड घेऊन जुनं जेनेसिस जगभर वाजवत होता आणि त्याचीही तिकिटं खपत होती. तेवीस मिनिटांच्या रचनेला पन्नास वर्षांनीही गिऱ्हाईक होतं.

म्हणून बाजार हा शब्द वापरताना जरा जपावं. बाजार लांब गाण्यालाही होता, छोट्यालाही होता. बँडला बदललं ते रिकाम्या झालेल्या वहीनं, तिघांच्या एका खोलीनं, चालू राहिलेल्या एका माइकनं आणि स्वतःच्या मालकीच्या स्टुडिओनं. एखादा आवडता गायक, नाटककार किंवा दिग्दर्शक 'विकला गेला' असं म्हणायचा मोह होईल तेव्हा आधी इतकं विचारावं: तो कुणासोबत, कुठे आणि कुणाच्या वेळेत काम करतोय? उत्तर बदललेलं असेल तर काम बदलणारच. ते वाईट झालं की नाही, हे मात्र तेरा मात्रा मोजल्याखेरीज ठरवू नये.